पाहुण्याचं पहिलं ‘साकु’

माझ्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसलेल्या त्या जपानी माणसानं पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला, नडगीवर बोटं वाजवली आणि ‘हात लावून बघा’ अशी खूण केली. मी लावला. अगं आई गं! पाय कसला, लाटणं होतं. लेक म्हणाली, “वीस वर्षं सरावाच्या पिशवीवर लाथा मारून झालंय ते तसं.” मी हात असा काही झटकन मागं घेतला की तो तोंडावर हात धरून हसायला लागला.

तोवर किकबॉक्सिंग म्हणजे काय हे मला कुठं माहीत होतं? हातानं ठोसे, पायानं लाथा, आणि हे करून पोट भरायचं. हा माणूस पोटासाठी तेच करत होता. आणि दिसायला कसा? मऊ, बुटका, दारात चपला काढल्या की आमच्या सगळ्यांच्या चपलासुद्धा ओळीत लावणारा. शेजारच्या अक्कांना मी सांगितलं की हा रिंगणात माणसं आडवी करतो, तर त्या म्हणाल्या, “होगे, सुम्मने, उगीच काहीतरी सांगू नका.”

माझी लेक दोन वर्षं जपानात नोकरीला होती. संध्याकाळी व्यायामाला जायची तिथं हा शिकवायचा. आता ती इथं हुबळीत, नवनगरच्या आमच्या घरातूनच काम करते. हुबळीत काही हौशी लोकांनी मोठा हॉल घेऊन सामने ठरवले, त्यांना बाहेरचा खेळाडू पाहिजे होता, हिनं मध्यस्थी केली. त्याचे गुरू लॉजवर उतरले आणि तो आमच्याकडं राहिला. कारण काय, तर हॉटेलच्या जेवणात मीठ-तेल किती घालतात कळत नाही, घरी आईचं लक्ष राहील. हे माझ्या लेकीचं वाक्य. मी मोठ्या तोऱ्यात मान डोलावली होती.

त्याची सगळी कहाणी मी भाजी निवडता निवडता ऐकली. तो सांगायचा, लेक मराठीत करून द्यायची. शाळा अर्धी टाकून घरसामान हलवणाऱ्यांत कामाला लागला. दिवसा लोकांची कपाटं जिन्यावरून चढवायची आणि संध्याकाळी लाथा खायच्या. पहिल्याच सामन्यात नाक मोडलं. पुढं जिंकत जिंकत अजिंक्यपदाचा बेल्ट मिळाला, पण वर्षभरसुद्धा टिकला नाही. मग हार, परत हार, गुडघ्याचं ऑपरेशन. बेल्ट गेल्यावर परत कपाटं उचलायला गेला हे सांगताना तो हसत होता, आणि मी मात्र मेथीची जुडी हातात धरून तशीच बसले होते. आता वय छत्तीस. हुबळीत जिंकला तर तिकडं बेल्टसाठी एक शेवटची लढत मिळणार होती. नाहीतर गुरूंनी सांगून टाकलं होतं, आता पुरे.

आणि त्याआधी एक अट होती. सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं, ठरल्या वजनाच्या वर एक ग्रॅम चालत नाही. आमचं बाजारात किराणाचं दुकान आहे, म्हणून ह्यांनी पोती मोजायचा काटा घरी आणून ठेवला. “माझा काटा खोटं बोलत नाही,” ही ह्यांची जुनी फुशारकी. रोज सकाळी तो जपानी त्यावर गुळाच्या ढेपेसारखा गुमान उभा राहायचा.

पण त्याचं जेवण बघून माझा जीव तुटायचा. बिनमिठाच्या उकडलेल्या भाज्या, त्याही मूठभर. पाहुणा घरात वाळत चाललाय आणि मी बघत बसू? मी वाढायला गेले की तो ताटावर हात धरून “साकु, साकु” म्हणायचा. साकु म्हणजे पुरे. हा एकच कानडी शब्द लेकीनं त्याला पढवला होता, आणि तो माझ्यासाठीच. पण आमच्याकडं पाहुण्याचं पहिलं ‘साकु’ कोण धरतं? ते भिडेचं असतं. दुसरं ऐकायचं, तिसऱ्याला थांबायचं. माझ्या सासूबाईंनी मला शिकवलं ते हेच.

वजनाच्या आदल्या दिवशी नेमकी एकादशी आली. सकाळी लेक गुरूंबरोबर हॉलवर निघाली. जाताना दारातून तिनं बजावलं, “उद्या सकाळपर्यंत त्याला काही देऊ नकोस. पाण्याचा घोटसुद्धा नाही. कळलं?”

“कळलं गं, कुक्कुलं बाळ आहे का मी?”

आणि मला खरंच कळलं होतं. वजनाचं आहे, जेवायचं नाही, सगळं पक्कं ठाऊक होतं. दुपारी तो खाली आला. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. भिंतीला पाठ लावून बसला, तर त्याच्या बोटांना कापरं भरलं होतं. मी साबुदाण्याची खिचडी केली होती. मनात म्हटलं, हे काय जेवण थोडंच आहे? हे उपासाचं. हलकं. तीस वर्षं मी एकादशी करते आणि विचारलं कुणी तर ‘आज काही खाल्लं नाही’ असंच सांगते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणून हे मला चिडवतात, तरीसुद्धा उपासाच्या खाण्याला खाणं म्हणायचं हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

मी ताटली त्याच्यापुढं ठेवली. शेंगदाण्याचं कूट, तूप, वर मीठ घातलेलं ताक. त्यानं ताटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. हलकेच म्हणाला, “साकु.”

मी म्हटलं, “अहो, उपासाचं आहे. तिन्री, तिन्री.” खा म्हणून हातानंही दाखवलं. आणि समोर उभीच राहिले.

त्यानं खाल्लं. खाली मान घालून, एक दाणा न सांडता. ते बघून माझा ऊर भरून आला. कढईत माझ्यापुरतं ठेवलं होतं तेही वाढलं. तेही त्यानं संपवलं, ताक प्यायला, हात जोडले. मग माझं काही न ऐकता ताटली, पेला, कढई सगळं घासून, पुसून जागेवर ठेवलं. किती वळण लावलंय आईनं, असं मी मनात म्हटलं.

सकाळी सहाला तो आमच्या काट्यावर उभा राहिला. नऊशे ग्रॅम जास्त.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. गुरूंनी त्याला उतरवून परत उभं केलं. तेवढेच. ह्यांनी काटा पुसला, पाण्याच्या पातळीवर बसवला, परत बघितलं. ह्यांचा काटा खोटं बोलत नव्हता. गुरू काहीतरी ओरडत होते आणि लेक मला म्हणाली, “आई, मीठ पोटात गेलं की पाणी धरून ठेवतं अंगात. पण ह्याला मीठ कोण देणार? पाणीच प्यायलाय बहुतेक.” माझं लक्ष जागेवर ठेवलेल्या कढईकडं गेलं.

पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. अंगभर प्लास्टिकचा सूट घालून त्याला नवनगरच्या रस्त्यानं पळवलं. मग आमच्या न्हाणीघरात कढत पाण्याच्या बादल्या, चादरींत गुंडाळलेला तो, आणि गुरू त्याच्या पाठीवरचा घाम कार्डानं खरवडून काढतायत. तो पेल्यात थुंकत होता. थुंकी किती ग्रॅम असते हो? तेवढ्यासाठी थुंकत होता. एकदा तो फरशीवर तसाच कलंडला आणि मला वाटलं, गेला. मी घरात माणूस मारला. मी देवघरात जाऊन उभी राहिले, पण देवाकडं काय मागायचं तेच सुचेना.

हॉलमध्ये मीही गेले. लोकांसमोर तो चड्डीवर काट्यावर चढला. चारशे ग्रॅम जास्त. तासभराची मुदत मिळाली, तो दोरीवर उड्या मारत राहिला, पण अंगातून एक थेंब घाम येईना. समोरच्या खेळाडूच्या माणसांनी नाही म्हणून मान हलवली. सामना रद्द. गुरूंनी त्याला काहीतरी विचारलं. त्यानं कमरेत वाकून थोडक्यात सांगितलं, आणि गुरू भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

“काय म्हणाला?” मी लेकीला विचारलं.

“पाणी प्यायलो, म्हणाला. चूक माझी आहे. आणि आता थांबतो.”

वीस वर्षं अशी एका वाक्यात संपली, आणि मी चार हातांवर उभी होते. बोलायला हवं होतं. बोलले नाही, हे खरं. आदल्या दिवशी त्यानं ताटली-कढई का घासून ठेवली, खाल्ल्याची खूणही का उरू दिली नाही, ते मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी निघताना तो माझ्यासमोर इतका वेळ वाकून राहिला की मीच म्हटलं, “साकु रे बाबा, साकु.”

पंधरा दिवसांनी परत एकादशी आली. हात सवयीनं चालले. खिचडी झाली, त्या दिवसासारखी दोनदा वाढून ताटलीत घेतली आणि काट्यावर ठेवली. काटा अजून घरातच होता. ताटलीचं वजन वजा करून चारशे वीस ग्रॅम. ताक वेगळं. मी तिथंच फरशीवर बसले आणि लेकीला हाक मारली. सगळं सांगितलं.

मला वाटलं, आता ही आकांडतांडव करेल. तिनं काट्यावरची ताटली उचलून माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाली, “विमानतळावर त्यानं मला एक विचारलं होतं. मला अर्थच लागला नव्हता.”

“काय?”

“वजनाच्या आदल्या दिवशी तुझी आई जेवली का?”

मी जेवले नव्हते, माझ्यापुरती खिचडीही त्याच्याच ताटलीत गेली होती. पण हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.