निवडीच्या सकाळची कॅप्सूल

ऐंशीच्या दशकात आमच्या बेटावर, ग्रां बुआ गावच्या उसातल्या वाटांवर मी पळायचा सराव करायचे. बेटाच्या संघात निवड व्हावी, याखेरीज मला दुसरं काही नको होतं. आमचे प्रशिक्षक फ्रान्सला शिकून आले होते. येताना त्यांनी द्राक्षाच्या बियांच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या. त्यांचं म्हणणं, जीव तोडून पळालं की प्राणवायूच स्नायूंना आतून खातो, खारा वारा पत्रे गंजवतो तसा. हा अर्क तो गंज रोखतो. रोज एक घ्यायची. न घेणारीला संघात जागा नाही. असा हुकूम करणाऱ्या माणसाशी कोण वाद घालणार?

घरी तेव्हा गणपतीआधीचं कारेम चालू होतं. मांस, मासळी, अंडं, सगळं बंद. विसर्जनाला घरचा गणपती डोक्यावरून समुद्रापर्यंत न्यायचा मान माझ्या बाचा, म्हणून त्याचा उपास सगळ्यांत कडक. त्यात औषधाच्या दुकानात त्याला कळलं, की पूड झाडाची असली तरी वरचं टरफल गुरांच्या हाडाकातड्याचं.

"झाडाचंच पायजे तर कुंपणाला ब्रेद मुरुम काय थोडा हाय?" बा म्हणाला. ब्रेद मुरुम म्हणजे शेवग्याचा पाला, त्यावर त्याचा फार भरवसा. आईनं तोड काढली. कॅप्सूल उघडून पूड मधातून चाटवायची आणि टरफल परसात पुरायचं. पूड इतकी तुरट, की तोंड वाकडं व्हायचं.

घरातली गोष्ट कुणीतरी प्रशिक्षकांच्या कानावर घातली. निवडीच्या सकाळी ते मैदानाच्या कडेला पाण्याचा पेला आणि कॅप्सूल घेऊन उभेच होते. नुसती पूड पोटात वाया जाते, म्हणाले, माझ्यासमोर अख्खी गिळ.  दोरीपलीकडे बा उभा होता.

तो आत आला. "ली पे फेर कारेम," तो हळू म्हणाला. पोरीचा उपास आहे.

"मग ती आज पळणार नाही," प्रशिक्षक तसेच हळू म्हणाले.

शर्यतीसाठी नावं पुकारायला लागले होते. मला दोघांचाही संताप आला, रडूही आलं. बानं माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच त्यांच्या हातातली कॅप्सूल घेऊन माझ्या हातावर ठेवली.

"गिळ गे. दोष लागला तर मला लागंल, तुला नाय."

मी गिळली. पळाले, दुसरी आले, संघात गेले. ती कॅप्सूल नसती तरी मी तेवढीच पळाले असते, असं मला आजही वाटतं.

विसर्जनाला निघताना बा मूर्तीपाशी गेलाच नाही. काकाला म्हणाला, "औंदा तू घे. माझी मान धरलीया."

काकानं मूर्ती उचलली. बा मिरवणुकीच्या अगदी मागं, बायकांच्याही मागं, अनवाणी चालत राहिला. त्याची मान धडधाकट होती, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं.