कपाटामागचा वास

उमाताई वाळिंबे घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी शिवणाची खोली दाखवायच्या. अंबरनाथ पूर्वेला तळमजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यातली मागची बेडरूम मशीनची. काचेच्या मोठ्या कपाटात कापडं रंगवार लावलेली, पिवळ्यापासून थेट जांभळ्यापर्यंत. प्रत्येक कापड पुठ्ठ्याच्या पट्टीवर गुंडाळून पुस्तकासारखं उभं केलेलं. ही युक्ती त्यांच्या मुलीनं, तेजलनं, मोबाइलवर पाठवलेल्या एका व्हिडिओतली. त्या कपाटाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या राजसी ठकारनं लिहिलं होतं, 'उमाताई, नीटनेटकेपणा तुमच्याकडून शिकावा.'

फोटोत जे येत नव्हतं ते असं होतं. कपाट भिंतीपासून हातभर पुढं ओढलेलं, आणि मागच्या जागेत गोण्या कोंबलेल्या. दिवाणाच्या पोटात गोण्या. माळ्यावर गाठोडी. खिडकीबाहेरच्या ग्रिलमध्ये निळं प्लास्टिक अंथरून त्यावर गोण्या आणि वरून पुन्हा प्लास्टिक. त्या खिडकीतून उजेड आत येऊन कित्येक वर्षं झाली होती.

हे सगळं कापड उल्हासनगरचं. तिथं एका गल्लीत कटपीस किलोवर मिळतात: तागा संपताना उरलेले तुकडे, प्रिंट हललेलं कापड, परत आलेला माल. दुकानाच्या फरशीवर ढीग घातलेला असतो आणि बायका त्यात गुडघ्यापर्यंत उतरून उपसत असतात. उमाताईंचा तिथला सिंधी दुकानदार त्यांना बघितलं की म्हणायचा, "दीदी, आज का माल कल नहीं मिलेगा." एवढं एक वाक्य पुरायचं. त्या रिक्षात पायाखाली एक आणि मांडीवर एक गोणी घेऊन परतायच्या.

उमाताईंचं माहेर देवरुखकडचं. तिघी बहिणींत त्या धाकट्या. थोरलीचं परकर-पोलकं मधलीला आणि मधलीचं विटलं की उमाला. अंगाला कोरं कापड लागलं ते थेट लग्नात. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि सांगताना हातातलं कापड चुरगाळून त्याचा वास घ्यायच्या. त्यांच्या हाताला सफाई होती. ब्लाऊजची बाही त्यांच्यासारखी बसवणारी त्या भागात दुसरी कुणी नव्हती. पण चांगलं कापड कापायला त्यांचा हात धजायचा नाही. "हे राहू दे, चांगल्या वेळेला काढू," म्हणायच्या आणि ते मागं ढकलायच्या. समोर मिरवायचं तेवढं काचेत ठेवायचं, बाकी मागं.

तेजलला दिवस गेले. ती बदलापूरला बेलवलीत सासरी राहायची. बाळंतपणाला माहेरी येणार हे ठरलेलंच होतं, आणि तिच्यासाठी खोली तीच, मागची. सातव्या महिन्यात ती खोली बघायला म्हणून आली. दारातच थांबली. पदराचं टोक नाकाला लावलं.

"आई, इथं काहीतरी मेलंय."

"काही मेलं नाहीय. कोऱ्या कापडाची खळ असते, तिचा वास येतो. तुला या दिवसांत सगळ्याचाच येणार."

"खळीचा वास मला माहितीय. हा तो नाहीय."

उमाताईंनी नवऱ्याला हाक मारली. बाळ वाळिंबे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून शिफ्ट इनचार्ज म्हणून निवृत्त झालेले. ते दारापर्यंत आले, आत डोकावले आणि म्हणाले, "मला काय कळणार? माझं नाक कंपनीत मेलं."

तेजलनं मात्र हट्ट सोडला नाही. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिली आणि म्हणाली, "कपाट हलवा. मी बघितल्याशिवाय जाणार नाही."

लेकीपुढं उमाताईंचं चालेना. बाळरावांनी शेजारच्या हरिचंद्रला बोलावलं आणि दोघांनी कपाट एका बाजूनं ओढलं. पहिली गोणी बाहेर आली तीच तळातून फाटलेली. तिच्यातून कापडाबरोबर काळ्या लेंड्या फरशीवर ओघळल्या, मूठमूठभर, तांदूळ सांडावेत तशा. दुसऱ्या गोणीला ओल होती. हरिचंद्रनं ती उचलली आणि "शी!" म्हणून खाली टाकली. हाताला पिवळं, चिकट काहीतरी लागलं होतं. मुताचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. भिंतीला बुरशीचा काळा पट्टा होता आणि त्यावरून झुरळं सैरावैरा पळाली. एक उमाताईंच्या पायावरून गेलं.

"थांबा, मी काढते," उमाताई पुढं झाल्या. तिसरी गोणी त्यांना ओळखू आली. तिच्यात त्यांच्या आईची जुनी सुती लुगडी होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. तेजलच्या बाळाची दुपटी शिवायला म्हणून त्यांनी ती जपली होती. त्यांनी गोणीत हात घातला. बोटांना काहीतरी ऊबदार लागलं आणि ते हललं.

किंकाळी फोडून त्यांनी हात बाहेर ओढला. गोणी कलंडली. लुगड्यांच्या चिंध्या कुरतडून, पिंजून केलेलं गोल घरटं फरशीवर पडलं. त्यात गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली घुशीची पिल्लं एकमेकांवर वळवळत होती. खालच्या थरात एक मेलेली घूस होती. ती कधीची मेली होती कोण जाणे. तिचं पोट फुटलेलं, त्यात अळ्या, आणि लुगड्याचा जरीकाठ तिच्या कातडीला चिकटून बसला होता.

तेजल उठून दारापर्यंत आली होती. तिनं ते बघितलं आणि तिथंच भिंतीला धरून ओकली.

हरिचंद्रनं सुपलीनं पिल्लं बादलीत भरली आणि तो बाहेर गेला. बाळराव मात्र लगबगीनं आतून रूम फ्रेशनरचा डबा घेऊन आले आणि फवारू लागले. त्या कुजक्या वासावर मोगऱ्याचा वास चढला, आणि ते मिश्रण नुसत्या घाणीपेक्षा भयंकर झालं. उमाताईंनी डब्याकडं बघितलं. असे दोन रिकामे डबे त्यांनी गेल्याच आठवड्यात भंगारात टाकले होते.

"तुम्हाला वास येत होता," त्या म्हणाल्या.

बाळरावांनी डबा खाली ठेवला.

"नाक मेलंय म्हणालात. आणि रोज मागून हे मारत होतात?"

"दिवाळीपासून येतोय वास," ते म्हणाले. "सांगून काय उपयोग होता? मागं एकदा एक गोणी टाकू म्हटलं तर दोन दिवस जेवली नव्हतीस. कोण बोलणार तुला?"

उमाताईंना त्या क्षणी नवऱ्याची शिसारी आली. आपण वाढलेलं अन्न गोड मानून खाणारा हा माणूस, भिंतीपलीकडं सडतंय हे माहीत असून रात्री शांत घोरत होता. आणि त्यामागोमाग स्वतःची आली, ती जास्त. कारण वास त्यांनाही येत होता. त्यांनीच त्याला खळ असं नाव दिलं होतं.

तेजल संध्याकाळीच बेलवलीला परत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आई, मी माझ्या घरीच बाळंत होईन. तू रागावू नकोस." उमाताईंनी तिला थांब म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडाला फडकं बांधलं आणि खोली उपसायला घेतली. बाळराव म्हणाले, वरचं वरचं टाकू, बाकीच्यात डांबरगोळ्या घालू. उमाताईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गोणीमागून गोणी उघडत गेली तसं एकेक दिसत गेलं. सिल्क घडीवर फाटलेलं, हात लावला की भुगा. पॉपलिनवर कसरीनं केलेली चाळण. मखमलीत झुरळांची अंडी दाण्यांसारखी चिकटलेली. जॉर्जेटवर गंजाचे डाग. 'चांगल्या वेळेला' म्हणून राखलेला एक मोरपंखी रंगाचा तुकडा उलगडला तर मधोमध बुरशीचं वर्तुळ, केसाळ. बाथरूमपर्यंत पळत जाऊन त्या उलट्या करून आल्या आणि पुन्हा बसल्या. बाळराव नंतर मुकाट्यानं गोण्या उचलू लागले.

गेटजवळ ढीग लागला. घंटागाडीवाल्यानं एकदा बघितलं आणि म्हणाला, "इतना नहीं लेगा मावशी, और बास कितना मारताय!" मग ढीग दोन दिवस तिथंच राहिला. येणारे-जाणारे रुमाल लावून जायचे. ग्रुपवर राजसी ठकारनं लिहिलं, 'सोसायटीच्या आरोग्याचा प्रश्न आहे, संबंधितांनी दखल घ्यावी.' नाव घातलं नव्हतं. नीटनेटकेपणा शिकायच्या गोष्टी करणारी हीच.

तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी उमाताई दूध आणायला निघाल्या तर ढिगाशी राजसीच. एका हातानं ओढणीनं नाक दाबलेलं, दुसरा हात कोपरापर्यंत ढिगात. बाजूला तिनं सात-आठ तुकडे काढून ठेवले होते. उमाताईंना बघून ती दचकली, मग हसली.

"उमाताई, अहो, यातलं बरंच चांगलं आहे हो. ड्रायक्लीन केलं की काय कळतंय?"

तिच्या बोटांत एक निळं शिफॉन होतं. त्याच्या कडेला सुकलेला काळा लपका होता. तो कसला ते उमाताईंना माहीत होतं. त्या निळ्याला बघताच राजसीचे डोळे जसे चमकले होते, तसेच आपले उल्हासनगरच्या त्या फरशीवर चमकत असणार.

"ठेव ते," त्या म्हणाल्या.

"अहो, तुम्ही टाकलंच आहे ना?"

"घूस मेलीय त्यात, राजसी. अळ्या पडल्या होत्या. ठेव खाली आणि हात धू."

राजसीनं तुकडा टाकला. बाकीचे मात्र तिनं बगलेत मारले आणि जिना चढून गेली. उमाताई बघत राहिल्या. मग घरातून फिनेलची बाटली आणून त्यांनी अख्खी ढिगावर ओतली, म्हणजे पुन्हा कुणाला मोह व्हायला नको. दुपारी जादा पैसे देऊन टेम्पो बोलावला आणि ते सगळं एकदाचं गेलं.

काचेच्या कपाटातलं कापडही त्यांनी ठेवलं नाही. ते धड होतं, स्वच्छ होतं. पण त्याला हात लावला की बोटांना ती ऊबदार हालचाल आठवायची. ते सारं त्यांनी बदलापूरच्या एका शिवणक्लासला देऊन टाकलं. खोलीत आता मशीन, एक स्टूल आणि दोरीवर गिऱ्हाइकांची कापडं, आली तशी शिवून परत जाणारी. ग्रिल उघडं झालं. खिडकीतून मागचं गटार दिसतं, ते आधीही तिथंच होतं.

तेजलला मुलगी झाली. उमाताई बेलवलीला गेल्या तेव्हा पलंगावर दुकानातल्या तयार दुपट्यांची घडी होती, कार्टून छापलेली, ताठ. पूर्वीच्या उमाताईंनी ती चिमटीत धरून नाक मुरडलं असतं. आता त्यांनी ती नुसती बाजूला सरकवली. नात हातात घेण्याआधी त्या बेसिनपाशी गेल्या, साबण लावला, हात धुतला, पुन्हा लावला. हात नाकाशी नेऊन बघितला.

"आई, पुरे," तेजल म्हणाली. "ये इकडं."

"येते," म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा नळ सोडला.