तांबडवलीचं क्युबेक

हारून सरखोतला कुणी "कसं काय?" असं विचारलं, की बाकीचे कपाळावर हात मारून घ्यायचे. कारण हा बाबा स्वतःची खुशाली सांगायचाच नाही, कॅनडाची सांगायचा. माणूस मनामातल्या एका क्लिअरिंग एजंटकडे कारकून, बहरीनमध्ये एकोणीस वर्षं काढलेला, राहायला जिदहफ्सला, गाव रत्नागिरीकडचं तांबडवली. आणि जीव अडकलाय कुठे, तर ओटावात!

हे खूळ त्याच्या डोक्यात घातलं एका कॅनेडियन इंजिनियरनं. अठ्ठ्याऐंशी साली तो साहेब मायदेशी गेला तेव्हा आपला रेडिओ हारूनला देऊन गेला, आणि पुढे आठवणीनं वर्तमानपत्रांचे गठ्ठे पाठवत राहिला. शुक्रवारी गाववाल्यांच्या जमातीच्या खोलीवर चहा फिरला की हारून सुरू. तिकडे सरकारातला पक्ष निवडणुकीत थेट दोन जागांवर आपटला, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की पोरं त्याला 'दोन जागा' म्हणायला लागली. कॅनडानं स्पेनची मच्छीमार बोट धरली तेव्हा मात्र सगळे कान टवकारून बसले. माशांचं भांडण म्हटल्यावर कोकणी माणूस उठून जातोय होय! एरवी त्याची पाठ वळली की हसायचे.

पंच्याण्णव सालच्या ऑक्टोबरात हसण्यासारखं काही उरलं नाही.

तांबडवलीत दोन मोहल्ले, वरचा आणि खालचा. गावात शाळेची नवी इमारत कुठे बांधायची यावरून दोघांचं बिनसलं आणि ते भांडण विमानात बसून बहरीनला आलं. इथल्या जमातीचा सेक्रेटरी नजीब, खालच्या मोहल्ल्याचा. त्यानं ठरवलं, वरच्यांबरोबर आता राहायचं नाही, आपली जमात वेगळी. आता जमात म्हणजे तुम्हाला वाटेल चार म्हाताऱ्यांची बैठक. तसं नाही. मयत झालं तर जमात, नवा पोरगा आला तर जमातीची खोली, आणि निकाह ठरला तर जमातीचं पत्र. पत्राशिवाय काझी हात लावत नाही.

आणि हारूनची लेक अरीबा हिचा निकाह डिसेंबरात ठरला होता, तोही नजीबच्याच पुतण्याशी. उबेद त्याचं नाव, मुहर्रकला एअरपोर्टवर नोकरीला, लाखात एक मुलगा. पण हारून वरचा, उबेद खालचा. नजीबनं सांगून टाकलं, "जमात फुटली की पलीकडच्या घरात पत्र नाही. पुतण्या माझा असला तरी नाही." दगड नुसता! अरीबा इंग्रजी शाळेत शिकलेली, एरवी बापाशी इंग्रजीतच बोलणारी. त्या रात्री ती जेवली नाही, आणि हारूनच्या घशाखालीही घास उतरला नाही.

सत्तावीस तारखेच्या शुक्रवारी खोलीवर सभा भरली. अध्यक्ष जमालुद्दीनचाचा, दोन्ही मोहल्ले ज्यांना मानतात असा एकच माणूस. नजीबनं कागद काढून ठराव वाचला: "वरच्या मोहल्ल्यापुढे नव्या सहकार्याचा प्रस्ताव रीतसर मांडल्यानंतर खालच्या मोहल्ल्यानं आपला कारभार आपण पाहावा, हे सभेला मान्य आहे काय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सहकार्य म्हणजे बरंच की! हारून मात्र ताडकन उठला.

"हा तर क्युबेकचा प्रश्न!"

"झालं सुरू," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"हसा," हारून म्हणाला. "कॅनडातला क्युबेक प्रांत वेगळा व्हायचं म्हणतोय. सोमवारी मतदान आहे. त्यांनीही असंच विचारलंय, आधी भागीदारीचा प्रस्ताव आणि मग वेगळं होणं. अर्ध्या लोकांना वाटतंय, हो म्हटलं तरी आपण कॅनडातच राहणार! नजीबभाय, फोडायचं तर फोड, पण सरळ विचार. एका गावाच्या दोन जमाती करायच्या, हो की नाही?"

जमालुद्दीनचाचांनी चष्मा काढला. "बरोबर आहे त्याचं. सरळ विचार."

नजीबनं खांदे उडवले. त्याला कसली फिकीर? जमातीत मत द्यायची रीत घरटी एक हात, खोल्यांवरच्या पोरांचा हात त्यांच्यातला वडीलधारा वर करणार, आणि घरं खालच्यांची जास्त. हारूननं तिथंही बोट ठेवलं. भावासमोर भाऊ हात वर करील का? माणशी एक मत हवं, आणि तेही झाकून.

"म्हणजे व्हिजिट व्हिसावर आलेले तुमचे पाहुणे पण मत देणार?" नजीब उसळला.

"नाही. पाहुण्यांना मत नाही. गावचं असावं आणि हातात इथल्या रहिवाशाचं सीपीआर कार्ड असावं. कार्ड असेल त्यालाच मत."

वरच्या मोहल्ल्याचे लोक हारूनकडे खाऊ की गिळू बघायला लागले. त्यांचेच सात पाहुणे कापले होते ना त्यानं! नजीब मनातून खूश झाला. "लिहितो," म्हणाला आणि वहीत लिहिलं: 'बहरीनचं सीपीआर कार्ड असलेल्या तांबडवलीच्या प्रत्येक माणसाला एक मत.' खाली लफ्फेदार सही केली. मतदान पुढच्या जुम्म्याला, बुदैयाच्या बागेत, वर्षाच्या जेवणाच्या दिवशी.

घरी येताना हारूनचा चेहरा उतरला होता. बोटांवर मोजून बघितलं, तरी खालचे पुरुष पंधरा-वीसनं जास्तच भरत होते. न्यायाच्या नादात आपणच पोरीच्या मुळावर उठलो की काय, असं त्याला वाटायला लागलं.

मंगळवारी सकाळी फजरच्या नमाजनंतर तो रेडिओला कान लावून बसला. तिकडे सोमवारची संध्याकाळ, मोजणी चाललेली. कधी हे पुढे, कधी ते. साडेसहाच्या सुमारास निकाल पक्का झाला, तसा हारून उडालाच.

"राहिलं! रुकय्या, क्युबेक कॅनडात राहिलं! एका टक्क्यानं! शंभरातल्या त्र्याण्णव जणांनी मत दिलं, बघ!"

रुकय्या, त्याची बायको, चपात्या लाटत होती. "अवो," ती म्हणाली, "तुमच्या त्या क्युबेकात बायका मत देतात काय?"

"देतात की. न द्यायला काय झालं?"

रुकय्यानं हात पुसले. कपाटातून एक कार्ड काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. तिचं सीपीआर.

"मग नजीबभायनं वहीत काय लिहिलंय? पुरुष लिहिलंय, का माणूस लिहिलंय?"

हारून कार्डाकडे बघतच राहिला. सात समुद्रांपलीकडचं मतदान पाठ असलेला हा पंडित, आणि घरातलं कार्ड त्याला दिसलं नव्हतं! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"मी खालच्या मोहल्ल्याची मुलगी," रुकय्या म्हणाली. "लग्न होऊन वर आले. नजीबभायची बायको आतिका वरची, ती खाली गेली. गावात अशी किती घरं हायत, मोजा. जमात फुटली तर तुमचं काय जातंय? आमचं माहेर जातंय." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले आणि फोन ओढून घेतला.

तीन दिवस फोन नुसता तापला. हारूनला जवळ फिरकू दिलं नाही तिनं.

शुक्रवारी बुदैयाच्या बागेत खजुराच्या झाडांखाली सतरंज्या पडल्या. जमातीची बिर्याणीची मोठी डेग मधोमध ठेवली, आवाज होऊ नये म्हणून आत जाड फडकं, वर झाकण. प्रत्येकाला एक खजुराची बी आणि एक चणा. एकत्र राहायचं तर बी टाकायची, वेगळं व्हायचं तर चणा. उरलेलं मुठीत झाकून न्यायचं. पुरुषांची रांग संपली. नजीब वही मिटणार, इतक्यात चुलीकडून बायका उठल्या. पुढे रुकय्या, मागे चाळीसएक जणी, आणि एकेकीच्या हातात कार्ड.

"हे काय चाललंय?" नजीब ओरडला.

"नजीबभाय, तुमची सही हाय," रुकय्या म्हणाली. "प्रत्येक माणसाला एक मत. आम्ही माणसं नाय काय?"

नजीबनं वही उघडून पाहिली, परत पाहिली. मग अध्यक्षांकडे वळला. जमालुद्दीनचाचांच्या दाढीत हसू मावेना. "लिहिलंयस तू, नजीब. खलास! घाला गं मतं."

हारून एका झाडाला टेकून उभा होता. अरीबा रांगेत होती, नुकतीच अठराची झालेली. डेगेत हात घालून परत येताना तिनं बापाकडे पाहिलं.

चाचांनी डेग सतरंजीवर उपडी केली आणि सगळ्यांसमोर मोजलं. चणे अठ्ठावन्न. मग बिया. पन्नासनंतर बागेत कुणी खोकेना. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. एकसष्ट!

काय तो गलका झाला म्हणता! पोरांनी हारूनला खांद्यावर घेतलं. "दोन जागा नाय, तीन मतं!" कुणी ओरडलं. रुकय्या आणि आतिका गळ्यात गळा घालून रडत होत्या, हसतही होत्या. खालच्या मोहल्ल्याचे चार जण तोंड फिरवून बसले होते, पण डेग धुऊन त्यात बिर्याणी चढली तेव्हा तेही लाकडं सारायला उठले.

सूर्य कलायला लागला तसा नजीब हारूनपाशी आला. एकटाच. त्यानं खिशातून कागद काढला, गुडघ्यावर ठेवून जमातीचं पत्र लिहिलं: अरीबा हारून सरखोत आणि उबेद यांच्या निकाहला जमातीची हरकत नाही. शिक्का मारायच्या आधी तो थांबला.

"हारून, हरल्यावर तुझे ते क्युबेकवाले काय म्हणाले रे?"

"म्हणाले, पुढच्या खेपेला बघू."

"मी पण तेच म्हणतो," नजीब म्हणाला आणि शिक्का दाबला. मग आतिका बसली होती तिकडे बघून हळूच पुटपुटला, "पण पुढच्या खेपेला आधी घरातली मतं मोजीन."

हारूननं पत्र अरीबाच्या हातात दिलं. तिनं ते दोनदा वाचलं, घडी घातली. मग जन्मात पहिल्यांदा शुद्ध तांबडवलीच्या बोलीत म्हणाली, "अब्बा, बसा हितं. कॅनडात आता काय होणार, सगळं सांगा मला."

हारून बसला, आणि सांगायला लागला. त्या दिवशी एकही माणूस उठून गेला नाही.