कोरडी ताटली

तेराव्याचं आटोपून गावाहून आलो, घर उघडलं. बायकोच्या खाटेशेजारी स्टुलावर तिचा पेला तसाच होता, तिला दवाखान्यात नेलं त्या दुपारी अर्धा प्यायलेला. मुंग्या लागू नयेत म्हणून ती तो पाणी घातलेल्या ताटलीत ठेवायची. उन्हाळ्यानं ताटलीतलं पाणी पार उडून गेलं होतं. पेल्याच्या तळाशी मात्र साखरेचा घट्ट, ओला थर अजून चमकत होता.

शाळेत हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. पाण्यात मीठ-साखर विरघळली की ते सहजी उडून जात नाही. जितकं जास्त विरघळलेलं, तितकं त्याचं जाणं अवघड. फळ्यावर किती सोपं वाटायचं!

डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ-साखरेचं पाणी मी मोजून करून द्यायचो. माझी पाठ वळली की ती वर दोन चमचे साखर घालायची. पकडली की हसायची, "अहो, तुमच्या हातचं नुसतं औषध लागतं." मी चिडायचो. मापाबाहेर काही झालेलं मला खपतच नाही. ती माझ्या मापानं वागली असती, तर आज एवढासा ओलावाही मागे उरला नसता.

"बाबा, पेला धुऊन टाकते," लेक म्हणाली. "बघा ना, मुंग्या यायला लागल्या."

खरंच, एक मुंगी कोरड्या ताटलीच्या काठावर चढली होती. मी तिला हलकेच बाजूला केलं आणि तांब्यात पाणी आणून थोडं ताटलीत ओतलं.