अण्णांसाठी आणलेली जमीन

घरात प्लास्टिकची जमीन बसवायची ठरली तेव्हा माझे वडील जिवंत होते, आणि ती बसवून झाली तेव्हाही होते. मधला एक दिवस मात्र वाईट गेला.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, त्या वर्षांतली गोष्ट. मी तिथं गोदामात कारकून होतो. जवळच्या पाम गावात आमचं छोटं घर : मी, बायको कुसुम आणि वडील. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांना दमा होता आणि आमच्या घरातला सिमेंटचा कोबा बारा महिने ओल धरायचा. त्यावरून ते खोकत खोकत चालायचे, एखाद्या खड्ड्यात अडखळायचे आणि मला विचारायचे, "मी या घरातनं चालत भायेर जानार का आडवा?" डॉक्टर म्हणाले, "ओल टाळा." (पुढचा हिवाळा कसा जाईल, असं विचारल्यावर नुसती मान हलवत राहिले.)

अशात एका परदेशी साहेबाच्या बंगल्यात मी ती जमीन पाहिली. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच प्लास्टिकचं अंथरूण! कोरडं, गुळगुळीत! मी तिथंच ठरवलं, अण्णांना ही जमीन द्यायचीच. मुंबईला जाऊन गुंडाळी पसंत केली आणि रेल्वेनं बोईसरला पाठवायला सांगितली. दुकानदारानं बजावलं, "खालची जमीन आधी सपाट आणि खडखडीत कोरडी करा. आणि गुंडाळी मध्ये दुमडू देऊ नका, चीर पडेल."

मी हुकमाचा ताबेदार! गुंडाळी यायच्या दिवशी सकाळीच सगळं सामान अंगणात काढलं. खड्डे आधीच बुजवले होते. आता ओल सुकवायला घमेल्यांत गोवऱ्या पेटवून खोलीत ठेवल्या. धुरानं अण्णांचा जीव घुसमटला, म्हणून त्यांची खाट आंब्याखाली नेली. तिथं माश्या! अण्णांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरं धोतर ओढून घेतलं. "रातभर डोला नाय लागला. मला कुनी उठवू नका," म्हणाले आणि झोपले. एक घमेलं फारच धुमसायला लागलं, तेव्हा कुसुमनं ते उचलून उंबऱ्याबाहेर ठेवलं. (मयताच्या घरी दाराशी गोवऱ्या पेटवतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण गडबडीत माणूस शास्त्र कुठे बघत बसतो!)

मी बोईसर स्टेशनवर पोचलो. गुंडाळी चांगली माणसाहून लांब. बैलगाडीवाल्यानं ती पाहिली आणि बैल वळवून निघून गेला. शेवटी चार मजूर ठरवले. वरचा कागद फाटला होता, म्हणून तिच्याभोवती घरून आणलेली पांढरी चादर गुंडाळली, सुतळीनं जागोजाग बांधली आणि ती चौघांच्या खांद्यावर चढवली. दुमडायला नको म्हणून सांगितलं, "सब एकसाथ पाँव उठाओ!"

"फिकर मत करो बाबूजी," पुढचा म्हणाला आणि तालासाठी त्यानं सुरू केलं, "राम... राम... राम..."

पुढे मी. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून अनवाणी. हातात जमीन चिकटवायच्या डिंकाचा डबा, दोरीनं लोंबकळणारा. आणि डबा गळत होता म्हणून चेहरा रडवेला!

वाटेत आमची नेहमीची मासळीवाली, सातपाटीची पार्वतीबाय, स्टेशनाकडे परत निघालेली भेटली. तिनं टोपली खाली ठेवली.

"अरं देवा! कदी झाला रं?"

"काल मुंबईहून निघालं, आज पोचलं."

"मंजी मुंबयच्या हास्पिटलात? लय तरास झाला?"

मला वाटलं ती रेल्वेच्या हमालांबद्दल विचारतेय. "फार! दुमडू नका म्हणून सांगितलं होतं, तरी कोंबलंच त्यांनी."

पार्वतीबायनं कपाळावर हात मारला आणि ती डोळे पुसत गेली. मला बरं वाटलं. म्हटलं, लोकांना आपल्या जमिनीची किती काळजी!

आमच्या अंगणात बायका जमल्या होत्या. शेजारच्या गोदूकाकूंनी खाट पाहिली होती, गोवऱ्या पाहिल्या होत्या आणि रडायला सुरुवातही केली होती. आमची मिरवणूक पाहून त्या मध्येच थांबल्या.

"अगो बाय! अन्ना तं हितं हाय. मंग ह्या दुसरा कोन?"

"घरात दुसरं हाय कोन?" कुणीतरी म्हणालं. "कुसुम!"

त्याच क्षणी कोबा घासून घासून नखशिखांत पांढरी झालेली कुसुम धुरातून दारात आली आणि म्हणाली, "आणलं का?"

गोदूकाकू कुंपणावरून गेल्या. फाटक उघडं होतं!

सगळ्यांना समजावता समजावता मी बेजार झालो. एवढ्या गोंधळात अण्णा जागे झाले, "मेल्यावर तरी निजू द्याल का?" म्हणाले आणि पुन्हा धोतराखाली गेले. मी गुंडाळी उन्हात पसरायला घेतली.

पण पार्वतीबाय पालघरच्या मोटारस्टँडवर केळव्याच्या माणसांना भेटून गेली होती. केळव्याला अण्णांचे धाकटे भाऊ, भाऊकाका राहत. विहिरीच्या रहाटावरून दोघांचं भांडण झालं होतं आणि वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. दुपारी काका आले ते धावतच. मी तोंड उघडायच्या आत खाटेवर कोसळले.

"अन्ना! मला न सांगता गेलास? तुज्याशी भांडाया रोज नवीन शब्द जुलवायचो रं! आता मी भांडू कुनाशी?"

धोतर तोंडापाशी वरखाली होत होतं. मग आतून आवाज आला.

"रडनं झाला का? मंग रहाट कदी आनून देतोस, ता सांग."

काका मागच्या मागे माझ्या नव्याकोऱ्या जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. मग दोघं भावांनी दिवस मावळेपर्यंत मनसोक्त भांडण केलं. अण्णा खोकत होते, हसत होते, परत खोकत होते. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी डिंकाचा डबा पुसत बसलो.

जमीन बसली. पावसाळ्यात तिच्याखाली ओल आलीच, जागोजाग फुगे धरले. पण काका दर आठवड्याला यायचे आणि दोघं म्हातारे त्या फुग्यांवरून एकमेकांचा हात धरून चालायचे.

पुढच्या हिवाळ्यात अण्णा गेले. सकाळी चहा घेऊन गेलो, तर उठले नाहीत.

केळव्याला निरोप पोचताच काका काहीही न विचारता निघाले. गावात सांगायला मी स्वतः गेलो. गोदूकाकूंनी दार किलकिलं केलं. "आता काय, भिंतींना बसवताय?" पुढच्या घरी म्हणाले, "आमी एकदा रडलो." बाप गेल्यावर माणसाला रडायला खांदा लागतो. मला आधी साक्षीदार गोळा करावे लागले!