काशेचा बाण, देबेचं धनुष्य

काशे म्हाताऱ्याने देबेवर दात धरला, त्याला आता वर्ष होत आलं होतं. देबे कुणी परका नव्हता. तो काशेच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आणि वस्तीतला सगळ्यात पक्का नेमबाज. गेल्या थंडीत त्याने स्वतःच्या बाणाने एलंड पाडला. रेड्याएवढं हरीण ते, चरबीने भरलेलं. काशेची बायको चुको तेव्हा तापाने फणफणून पडली होती आणि "जिभेला जरा चरबी लागू दे रे," एवढंच म्हणत होती. आमच्यात ज्याचा बाण त्याची शिकार. मारणारा कुणी का असेना, वाटणी बाणाचा मालक करतो. देबेने वाटे घातले. सासरा बेसा याला बरगड्या, मेहुण्यांना मांड्या, आणि मामापुढे टाकला एक खूर.

"मामा, तुला कुठे दिसतंय? तुला मोठं काय नि छोटं काय!" देबे हसला, आणि त्याच्याबरोबर चार माणसं हसली.

खुराचं पाणी उकळून काशेने चुकोला पाजलं. पाचव्या दिवशी ती गेली. चरबीवाचून गेली की तापाने, हे कोण सांगणार? काशेने मात्र ठरवून टाकलं. सगळ्या वस्तीदेखत देबेपुढे असाच खूर टाकायचा. तोवर मरायचं नाही.

आता मोतीबिंदू पिकलेल्या माणसाने एलंड मारायचा कसा? काशेपाशी फक्त बोटं उरली होती. ती बाण करू शकत होती, आणि मारायला देबे होताच. आपला बाण कुणी पुढे केला तर शिकाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं की माणूस शेफारला असं होतं, आणि आमच्याकडे ते चोरीहून वाईट. पण बाण भात्यात ठेवणं वेगळं आणि दोरीला लावणं वेगळं. म्हणून काशेला असा बाण हवा होता की सावज समोर आलं, डोकं विचार करेनासं झालं, की हात आपसूक त्याच्यावरच पडावा.

त्याने गवताच्या चाळीस कांड्या आणल्या. एकेक कानाजवळ धरून तळव्यांत फिरवली आणि एकोणचाळीस फेकून दिल्या. शहामृगाच्या नळीचं हाड घासून कांडी नि पातं जोडणारा सांधा केला. कुंपणाच्या तारेचा तुकडा दगडावर ठोकून पातं काढलं. बांधायची तात उरलेल्या चार दातांनी चावून मऊ केली. सांध्यावर आपली जुनी खूण, तीन गोल रेघा, खोल कोरली.

"इतकं सरळ करतोयस ते कुणासाठी रे?" शेजारची बाऊ म्हातारी ओरडली. "आधी स्वतःची पाठ सरळ कर!"

"पाठ तुझ्यासाठी वाकडी ठेवलीय. तू बघत बस."

"सुंभ जळाला तरी पीळ जाईना मेल्याचा!"

विषाच्या अळ्या त्याने झुडपाखालची वाळू हाताने उकरून काढल्या. विष पात्याच्या मागच्या मानेला लावायचं असतं, टोकाला कधीच नाही. नाहीतर भात्यात हात घालताना साधा ओरखडा निघाला तरी शिकाऱ्याचीच वाट लागते. अळी पिळताना काशेचा हात टोकापाशी जाऊन थांबला. एक थेंब पुरला असता, आणि म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून कुणी त्याला बोलही लावला नसता. मग वाळूत पचकन थुंकला. मेलेल्या माणसापुढे खूर टाकता येत नाही.

बाण त्याने सगळ्यांसमोर दिला. देबेने तो बोटांवर तोलून पाहिला आणि भात्यात घातला.

पहिल्या खेपेला देबेने कुडू हरीण मारलं, ते बेसाच्या बाणाने. दुसऱ्या खेपेला रानडुक्कर, तेही बेसाच्याच. काशे रात्रंदिवस जळत राहिला. तिसऱ्या खेपेला मात्र देबे सरळ त्याच्यापाशी आला.

"काही नाही मामा, कातडं नि हाडं आहेत. उगाच उचलून आणली," आपली शिकार कमीच सांगायची या रिवाजाप्रमाणे तो म्हणाला, आणि म्हाताऱ्याच्या हातात बाणाचा सांधा ठेवला. काशेने बोट फिरवलं. तीन रेघा होत्या. शिकार एलंडाची होती.

सगळी वस्ती गोळा झाली. काशेने हातांनी चाचपून एकेक वाटा घातला. बेसाला बरगड्या. बाऊलाही चांगला मऊ तुकडा, तोंडाळ असली तरी. चरबीची लादी त्याने स्वतःपुढे ठेवली. देबे शेवटी उरला. काशेने खूर उचलला आणि त्याच्या पायांजवळ टाकला.

"घे. नेमबाजाला मोठं काय नि छोटं काय!"

कुणी हसलं नाही. देबेने वाकून खूर उचलला.

"एलंड वाऱ्याला तोंड करून उभा होता, मामा. मला भरपूर वेळ होता," तो म्हणाला. "हात आधी बेसाच्या बाणावर गेला. तो मी परत ठेवला आणि तुझा काढला."

काशेचं टाळकं सणकलं. महिनाभर राबून लावलेल्या फासात हा आपल्या पायांनी चालत आला होता!

"म्हणजे मी हेच देणार, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"दे मग तो इकडे! चांगला वाटा घालतो तुला."

"नाही मामा. हा माझाच आहे," देबे म्हणाला. "मामीने चरबी मागितली होती, हे मला ती गेल्यावर कळलं."

तो खूर घेऊन आपल्या झोपडीकडे गेला. हळूहळू सगळेच आपापले वाटे घेऊन पांगले. काशेपुढे चरबीची लादी तशीच पडून होती, आणि ती कुणाला भरवायची हे त्याला कळत नव्हतं.