रत्नाकर लॉजमध्ये काढलेली दीठ

आमच्या घराण्यात मुंबई बंदराला आग लावण्याचा प्रयत्न आजवर एकाच माणसाने केला आहे, आणि तो माणूस तेव्हा स्वतःचं लग्न जमवायला गेला होता. तो मी.

आधीच सांगतो, माझ्या मनात तसं काही नव्हतं. माझ्या मनात फक्त कौसल्या होती. कौंडण्यपूरच्या जत्रेत ती मावशीबरोबर आली होती आणि बांगड्यांच्या दुकानात कासाराशी अशी काही भांडत होती की शेवटी त्याने हात जोडले. मग ती हसली. मी पलीकडे उभा राहून ऊस चघळत होतो, तो तसाच तोंडात राहिला. घरी आल्यावर मी 'अन्नावरची वासना उडाली' असं दाखवायला सुरुवात केली (भूक चांगली सपाटून लागायची, मग मळ्यात जाऊन गाजरं खायचो!). आईमागे मला आत्याने वाढवलं होतं. तिने ते बरोबर ओळखलं आणि चौकशी सुरू केली. मुलगी जातीतली निघाली. मूळ घर हिवरखेडचं, पण बाप मुंबईला, बंदरावरच्या कापसाच्या वखारीत मुकादम. वऱ्हाडचा कापूस रेल्वेत बसून मुंबईला जायचा, त्याच्या मागोमाग हे गृहस्थही गेले होते आणि तिकडचेच होऊन राहिले होते.

मध्यस्थाकरवी त्यांचा निरोप आला, "पोरगी दाखवाच्या आधी मले पोरगा पाहू द्या. वखारीतून सुट्टी भेटत नाई, तवा तुमीच या."

बाबा उखडले. "आमी पोराकडचे! आमी पोरगा घेऊन फिराचं का गावोगाव?"

"दादा," आत्या म्हणाली, "भेंडी तू बजारात नेतं, का गिऱ्हाईक मयात येते?"

भातकुलीला आमचा भाजीचा मळा होता. त्यामुळे बाबांना हा मुद्दा एकदम पटला. मला मात्र त्यातली भेंडी मी आहे हे कळून जरा वाईट वाटलं.

बडनेऱ्याला गाडीत बसून आम्ही मुंबई गाठली. मुकादमांच्या वखारीजवळ म्हणून मध्यस्थाने 'रत्नाकर हिंदू लॉज' सुचवला होता. नाव रत्नाकर, पण तिथून समुद्र काही दिसत नव्हता. दिसत होती ती एक अरुंद गल्ली आणि तिच्यात दोन्ही बाजूंनी रचलेले कापसाचे गठ्ठे. समुद्राचा फक्त वास यायचा, तोही सुकत घातलेल्या बोंबलांमार्फत. गोदीतल्या यंत्रांचा खडखडाट इतका, की आम्ही एकमेकांशी मळ्याच्या दोन टोकांना उभं असल्यासारखं बोलत होतो (अर्थात आम्ही घरीही तसंच बोलतो).

"कुठून आलात?" मॅनेजरने विचारलं.

"वऱ्हाडातून."

"वऱ्हाड म्हणजे निजामाचं राज्य ना?"

"निजाम म्हनते माहं, इंग्रज म्हनते माहं, अन् कचेरीचं काम निघालं का नागपूरले धावा लागते," बाबा म्हणाले. "तुमाले समजलं तं आमाले बी सांगा."

मॅनेजरने वही मिटली आणि खोली दाखवली. खोली म्हणजे एका मोठ्या दालनात फळ्या ठोकून केलेले खण. फळ्या छतापर्यंत जात नव्हत्या. मध्येच कंटाळून थांबल्या होत्या. त्यामुळे शेजारच्या खोलीतला जाडजूड व्यापारी कुशीवर वळला तरी आम्हाला कळायचं. दारामागे पाटी होती, 'खोलीत चूल पेटवू नये'. जेवणाच्या वरणात गूळ होता. आत्याने पहिला घास घेतला आणि वाढप्याला विचारलं, "बाप्पा, वरन कवा येईन? हे तं पुरनाचं पानी दिसते."

मुकादम दुपारी वखारीची सुट्टी झाली की मला पाहायला येणार, असं ठरलं. आणि नेमकी त्याच सकाळी मला सर्दी झाली! बंदराची दमट हवा आमच्या कोरड्या नाकाला सोसली नाही. नाक भोपळ्याएवढं, डोळे लाल, आवाज बसलेला. नवा कोट आणि फेटा चढवून मी आरशात पाहिलं, तर आत कोणी दुखवट्याला निघालेला माणूस उभा होता.

आत्याने कमरेची डबी काढून तपकिरीची चिमूट नाकात कोंबली. तिचा विचार करण्याचा हा एकच मार्ग होता. आयुष्यभराच्या तपकिरीने तिचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. तुपाचा आणि घासलेटचा वास तिला सारखाच.

"तुले दीठ लागली," ती म्हणाली.

"सर्दी आहे, आत्या."

"काल जिन्यावर तो खलाशी तुह्या फेट्याकडे पाहून काय बोलला? 'क्या जवान है' म्हने! पाहा, लागली दृष्ट. असं तोंड घेऊन बसला तं मुकादम दारातूनच वापस जाईन."

ही शेवटची गोष्ट मात्र मलाही भयंकर वाटली. म्हणजे कौसल्या हातची जाणार! त्या घटकेला आत्याने मला समुद्रात उडी मार असं सांगितलं असतं, तरी मी फक्त कोट काढू का एवढंच विचारलं असतं.

बाबा मुंबईचा भाजीबाजार पाहायला गेले होते, म्हणजे थांबवणारं कोणी नव्हतं. आत्याने लॉजच्या स्वयंपाक्याला 'बाप्पा, माह्या लेकरा' करत निखाऱ्यांनी भरलेली शेगडी मिळवली. मी दारामागची पाटी तिला वाचून दाखवली.

"चूल कोन पेटवून राह्यलं? हे तं शेगडी आहे," ती म्हणाली. "अन् खिडकी लाव. वारा लागला का दीठ उलटते."

मुकादमांच्या घरी भेट द्यायला आम्ही आमच्या मळ्यातल्या लाल मिरच्यांची पिशवी आणली होती. आत्याने तिच्यातून मूठभर मिरच्या काढल्या, मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि माझ्यावरून उतरवायला सुरुवात केली. "आल्याची, गेल्याची, पाप्याची, चांडायाची, गाडीतल्या टिकिट मास्तरची, जिन्यावरच्या खलाशाची, म्यानेजरच्या घाऱ्या डोयाची…" आणि सगळं शेगडीत टाकलं.

आता इथे आमच्याकडचा नियम सांगायला हवा. मिरच्या जाळल्यावर ठसका लागला, तर दीठ नव्हतीच. ठसका लागला नाही, तर दीठ जबर. सगळा ठसका तिने गिळला. हा नियम आमच्या आज्या-पणज्यांपासून चालत आला आहे, फक्त नाक बंद असलेल्या माणसाचं काय, हे कोणी सांगून ठेवलेलं नाही.

आत्याने खोल श्वास घेतला. काही नाही. मी श्वास घेतला, म्हणजे प्रयत्न केला. काही नाही.

"अरे बाप्पा!" आत्याचे डोळे विस्फारले. "अजाबात ठसका नाई! केवढी दीठ लागली रे माह्या लेकराले!"

दुसरी मूठ पडली. धूर वर गेला, फळ्यांवरून सावकाश वाकला आणि शेजारी उतरला. पलीकडे व्यापाऱ्याने एक ढास काढली, मग दुसरी, मग पलंगावरून काहीतरी वजनदार खाली पडल्याचा आवाज आला. त्याच्या पलीकडचा खोकू लागला, मग त्याच्या पलीकडचा.

"पाय, पाय!" आत्या चिडून म्हणाली. "शेजारच्याईची उतरून राह्यली अन् तुही नाई! मिरच्या आपल्या अन् गुन त्याईले!"

आणि तिने अख्खी पिशवी शेगडीत ओतली.

त्यानंतर जे झालं ते एकदम झालं. दालनात कोणीतरी "आग! आग!" असं ओरडलं. जिन्यावर धडाधड पावलं वाजली. खाली वखारीची घंटा घणघणायला लागली. कापसाच्या वखारीत विडी ओढणाऱ्यालाही माणसं मारायला धावत, तिथे शेजारच्या लॉजच्या खिडकीच्या फटीतून धूर येताना दिसला! आणि त्याच क्षणी माझं नाक उघडलं. नुसतं उघडलं नाही, तर सकाळपासूनचं सगळं राहिलेलं त्याने एका श्वासात वसूल केलं. घशात निखारा उतरला. डोळ्यांपुढे काही दिसेना.

"शेगडी भाईर ने!" आत्या ओरडली.

मी आज्ञाधारक मुलगा. टोकाला फडकं धरून शेगडी उचलली आणि पळालो. व्यापाऱ्याला ढकललं, मॅनेजरच्या पायावर पाय दिला, आणि सगळ्या लॉजच्या आधी बाहेर पडून ती धगधगती शेगडी घेऊन थेट गल्लीत, त्या कापसाच्या गठ्ठ्यांच्या बरोबर मधोमध जाऊन उभा राहिलो!

"रुई है! अबे, रुई है इधर!" अशी आरोळी आली. लाल फेट्याचा, झुपकेदार मिशांचा एक माणूस हमालांना घेऊन बादल्यांसकट धावत आला. पहिली बादली त्याने शेगडीवर ओतली. दुसरी माझ्यावर. तिसरीही माझ्यावरच ओतली, ती मात्र रागाने.

"किसका सिगडी है?" त्याने गरजून विचारलं.

मागून मॅनेजर लंगडत, खोकत आला. "ते वऱ्हाडवाले कुठे आहेत? पोलिसात देतो एकेकाला!"

हमाल गोळा झाले. लॉजमधली माणसं डोळे पुसत जमली. मला समोर तुरुंग दिसला. त्याच्याही पलीकडे, दुपारी येऊन रिकाम्या खोलीचं दार पाहून परत जाणारे मुकादम दिसले. मॅनेजरचे डोळे अजून मिरचीने मिटलेले होते, तेवढाच काय तो आधार.

"मी नाई जी!" मी ओरडलो. "मी तं त्याईले ओयखत बी नाई!"

"कोन है तुम?" मिशीवाला म्हणाला. "कहां के?"

आयुष्यात पहिल्यांदाच मुंबईला आलेल्या माणसाला दुसरं मोठं शहर एकच आठवलं.

"पुन्याचा हावो ना जी मी! अस्सल पुन्याचा! कावून, दिसत नाई का?"

मिशीवाल्याने हातातली बादली खाली ठेवली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मिशी थोडी हलली.

"अस्सं काय," तो म्हणाला. "मंग तं आपन गाववालेच झालो. मी बी पुन्याचाच. हिवरखेड-पुन्याचा."

(वाचकांनी ओळखलं असेल. मी ओळखलं नाही. मला वाटलं, चला, सुटलो!)

तेवढ्यात आत्या खाली आली. धुरातून ती काही न झाल्यासारखी चालत आली, मला खोकताना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "लागला का ठसका? उतरली गं माय!" मग मिशीवाल्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुमी इथलेच काय? तेवढा वखारीतल्या मुकादमाले निरोप द्या, म्हना भातकुलीचा नवरदेव तयार आहे."

"पाहून राह्यलो," मुकादम म्हणाले.

त्याच वेळी बाबाही बाजारातून परतले. आग, धूर, भिजलेला मुलगा यांतलं काहीच त्यांना दिसलं नाही. हातातला एक फुलकोबीचा गड्डा सगळ्यांपुढे धरून ते म्हणाले, "पाहा, हे इथची गोभी! असं तं आमी बैलाले टाकतो!"

मॅनेजरने आमच्या वळकट्या खिडकीतून खाली टाकल्या. पोलीस आले नाहीत, कारण मुकादमांनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी समजावलं. मी ओल्या कोटात वळकटीवर बसलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते आता मिरचीचं नव्हतं. कौसल्या गेली, हे मला स्वच्छ दिसत होतं. कोणता बाप असल्या माणसाला मुलगी देईल? मी स्वतः दिली नसती.

"चला," मुकादम म्हणाले. "वऱ्हाडचे मानसं उपाशी रस्त्यावर बसवले तं हिवरखेडले तोंड दाखवता येनार नाई. घरी जेवा अन् रातच्या गाडीनं जा."

त्यांचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं, मधे एक पडदा. वरणात गूळ नव्हता, पण मला चव कळत नव्हती. कौसल्येने भाकरी वाढली तेव्हा मी मान वर केली नाही. जेवून आम्ही बाहेरच्या खोलीत टेकलो आणि मुकादम आत गेले. पडदा पातळ होता आणि घर वऱ्हाडी होतं, त्यामुळे कुजबूज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होती.

"कसा आहे पोट्टा?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"भित्रा आहे. साऱ्याईच्या आंधी पयाला. आत्याले वर सोडून पयाला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फुलकोबीकडे पाहिलं.

"अकलेनं?"

"जयती शेगडी घेऊन कापसात उभा होता."

मी देवाचं नाव घ्यायला लागलो, पण कोणत्या देवाचं ते सुचेना.

"मंग नाई म्हनून सांगून द्या," बायको म्हणाली.

"थांब ना. एक गुन आहे," मुकादमांचा आवाज आला. "त्याले खोटं बोलता येत नाई. तोंड उघडलं अन् सापडला. पोरीले जलमभर कायजी नाई."

आणि आतून एक हसू ऐकू आलं. कौंडण्यपूरला कासाराच्या दुकानात ऐकलं होतं, तेच. ते थांबेचना. मीही बाहेर मूर्खासारखा हसायला लागलो, आणि पुढच्या वैशाखात आमचं लग्न झालं.

सासऱ्यांची पारख किती पक्की होती, हे मी इतकी वर्षं भोगतो आहे. परवाच डब्यातले तिळाचे लाडू संपले. मी चेहरा शक्य तितका गंभीर करून म्हटलं, "मांजरानं खाल्ले असतील."

कौसल्येने निवडायच्या भाजीतून मानसुद्धा वर केली नाही.

"पुन्याचं मांजर होतं का जी?"